मुलींची मांड आणि पालकांची चिंता

(महिला शाखेच्या वतीने वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गतवर्षी वैशाखात आपल्या महिला शाखेने अकरा ते सोळा वर्षांच्या अठरा मुलींना पुण्याजवळच्या एका अश्वारोहण केंद्रात दोन आठवड्यांच्या शिबिरास धाडले. त्याचा वृत्तांत सांगावा आणि उठलेल्या आक्षेपांचाही परामर्श घ्यावा, अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. म्हणून आम्ही आपणांपुढे उभ्या आहोत. जमाखर्च अहवालात छापला आहे, तो वाचून आपला वेळ घेत नाही.

स्त्रीने घोड्यावर बसणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. युरोपातील कुलीन स्त्रिया विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दोन्ही पाय एकाच बाजूस सोडून बसत. आमच्याकडे कासोट्याच्या नऊवारीने ती अडचण केव्हाच दूर केली होती. झाशीची राणी एप्रिल १८५८ मध्ये वेढा फोडून काल्पीपर्यंत घोड्यावर गेली, हे आपण दर जयंतीस अभिमानाने सांगतो. परंतु घरची मुलगी ‘मला घोडा शिकायचा आहे’ म्हणाली, की तोच अभिमान एकदम पायउतार होतो.

या क्रीडेत स्त्री-पुरुषांच्या स्पर्धा वेगळ्या नसतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली सफाईने करवून दाखविण्याचा प्रकार, १९५२ साली हेलसिंकी येथे स्त्रियांस प्रथम खुला झाला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळविले. १९४४ साली झालेल्या पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्यांखाली लुळे होते. घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना आधार लागे. आपल्याकडचे म्हणाल, तर २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत भारतीय संघाने याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले. अश्वारोहणातील सुवर्णासाठी देशाने ४१ वर्षे वाट पाहिली होती. त्या चौघांच्या संघात दोन मुली होत्या, आणि त्यांपैकी सुदीप्ती हजेला ही होळकरांच्या इंदूरची.

आता शिबिराकडे वळू. मुली पहाटे पाचला उठत. साडेआठनंतर उन्हात घोडा बाहेर काढावयाचा नाही, हा तेथील दंडक. पहिले दोन दिवस कोणीही खोगिरावर बसले नाही. पागा झाडणे, खरारा करणे, खुरांत रुतलेली माती आणि खडे लोखंडी आकडीने काढणे, बादल्यांनी पाणी पाजणे, हीच कामे. उन्हाळ्यात एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, हे बादल्या वाहिल्यावर मुलींच्या नीट ध्यानात आले. घोड्यास ओकारी होत नाही. म्हणून चंदी बिघडली वा वेळ चुकली, की पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो, हेही त्या तेथेच शिकल्या. ज्या घरी ताटातले अन्न टाकू नये म्हणून आई रोज बोलते, त्या घरच्या मुली चंदीचा दाणा सांडू नये म्हणून जपताना पाहून आम्हांस हसू आले.

तिसऱ्या दिवशी घोडा लांब दोरावर धरून मुलींना बसविले. डाव्या बाजूने चढावे, टाच खाली ठेवावी, रिकिबीत पाऊल पुढच्या तळव्यापुरतेच घालावे, पाठ ताठ पण अंग सैल. दुडकी चाल आली की प्रत्येकीची हाडे खिळखिळी होत. चालीच्या ठेक्यावर उठबस करावयास साधल्यावर मात्र चेहरे पालटले. घरी हाक मारली तर ‘ओ’ ऐकू न येणारी एक मुलगी आठव्या दिवशी ‘थांब!’ असे अशा स्वरात म्हणाली, की घोडा तर थांबलाच, शेजारच्या दोघीही थांबल्या.

चौथ्या दिवशी अपघात झाला, तो आम्ही झाकून ठेवीत नाही. वाऱ्याने उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीस घोडा बुजला आणि एक मुलगी पडली. शिरस्त्राणामुळे डोके वाचले. पडताना टेकलेल्या हाताचे मनगट मात्र मोडले. तिच्या वडिलांनी कार्यकारिणीस कडक शब्दांत पत्र लिहिले. त्यांचा राग आम्हांस अस्थानी वाटला नाही. घोडा हा चारपाचशे किलोचा, स्वभावतः भित्रा प्राणी. त्याच्या संगतीत धोका नाही असे म्हणणारा खोटे बोलतो. परंतु तीच मुलगी प्लास्टर घालून उरलेले दिवस शिबिरात राहिली आणि दुसऱ्या हाताने खरारा करीत होती, हेही त्या पत्राशेजारी नोंदविले जावे.

काही मातांनी दबल्या स्वरात दुसरी शंका विचारली, तिचे उत्तर येथे मोकळेपणी देतो. घोड्यावर बसल्याने पुढे मातृत्वास बाधा येते, या समजुतीस वैद्यकाचा आधार नाही. शरीरावरून कौमार्य पारखण्याच्या कल्पनेसही नाही. मासिक धर्माच्या दिवसांत जिला बरे वाटते तिने बसावे, जिला नाही तिने विश्रांती घ्यावी. विवाहाच्या बोलणीत हा प्रश्न कोणी काढलाच, तर ते घर कसे आहे हे आयतेच कळेल.

एक गोष्ट अजून मनास बोचते. तेथील मोतद्दाराची बारा वर्षांची मुलगी रोज आमच्या मुलींच्या घोड्यांना पाणी आणी. खोगिरावाचून, नुसत्या अयाळीला धरून ती जशी बसे, तशी आमच्यापैकी एकही बसली नाही. तिला शिबिरात घ्यावे असे मुलींनीच सुचविले. परंतु साहाय्यनिधी ज्ञातीतील विद्यार्थ्यांपुरता आहे आणि तिचे शुल्क त्यातून भरता आले नाही. दर दहा जागांमागे एक जागा ज्ञातीबाहेरील गरजू मुलीस असावी, अशी नियमदुरुस्ती महिला शाखेने लेखी दिली आहे. उद्याच्या सर्वसाधारण सभेत ती मांडली जाईल. विरोध करावयाचा त्यांनी अवश्य करावा; मात्र सभेस यावे.

यंदा केंद्रात पूर्णवेळ डॉक्टर असल्याखेरीज आणि प्रत्येक मुलीचा विमा उतरविल्याखेरीज शिबिर भरणार नाही. नावे गुढीपाडव्यापर्यंत शाखेच्या कार्यवाहांकडे द्यावीत. संमतिपत्रावर आई आणि वडील दोघांच्याही सह्या लागतील, आणि या वर्षापासून मुलीचीही.