मुलांनी व्हिडिओ गेम खेळायचे की बनवायचे?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त न्हावरे येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मंगल दिवशी विहारात व्हिडिओ गेमवर भाषण, हे काही वडीलधाऱ्यांना खटकेल. एवढे विषय पडले असताना हा पोरखेळ कशाला, असे वाटेल. त्यांचे खटकणे चुकीचे नाही. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजालसुत्तात, कोणकोणत्या खेळांपासून दूर राहावे याची मोठी यादी आहे. त्यात आठ-आठ आणि दहा-दहा घरांच्या पटावरचे खेळ आहेत, फासेही आहेत. या साऱ्यांना तिथे प्रमादाच्या जागा म्हटले आहे. खेळात माणूस भान हरपतो ही गोष्ट तेव्हाही माहीत होती. आज तो पट खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे.

तेव्हा मुलांनी गेम खेळावेत असे सांगायला मी आलेलो नाही. मुलांनी गेम बनवावेत, आणि ते त्यांना कसे शिकवायचे, हे सांगायला आलो आहे. या दोन गोष्टी आईबापांना एकच वाटतात. पोरगं स्क्रीनसमोर बसलंय म्हणजे वाया चाललंय, असा आपला हिशेब. पण एक मूल दुसऱ्याने घातलेल्या नियमांत तासन् तास चालत असते आणि दुसरे मूल स्वतः नियम घालत असते. लांबून बघणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात.

हे गेम आले कुठून, ते आधी थोडक्यात सांगतो. जर्मनीत 1922 साली रॅल्फ बेअर नावाचा मुलगा जन्मला. तो ज्यू होता, आणि केवळ ज्यू म्हणून त्याला शाळेतून काढून टाकले. शाळेचे दार जातीमुळे बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. 1938 साली त्याचे कुटुंब जीव वाचवून अमेरिकेला गेले. तिथे तो आठवड्याला बारा डॉलर पगारावर कारखान्यात राबला आणि पत्राने चालणारा रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करून 1940 साली मेकॅनिक झाला. पुढे 1966 साली त्याच्या मनात आले की घराघरात टीव्ही आहे, लोक नुसते बघत बसतात, त्यावर काही खेळता आले तर? त्यातून 1972 साली ‘ओडिसी’ हे घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे पहिले यंत्र बाजारात आले. 2006 साली या माणसाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

त्याच 1972 साली अटारी या कंपनीत नोलन बुशनेल यांनी अल अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून एक सोपे काम दिले. एक चेंडू, दोन फळ्या आणि गुण, बस एवढेच. त्यात आजच्यासारखा प्रोग्राम नव्हता, विजेची सर्किटे जोडून ते केले होते. ते शिकाऊ काम म्हणजेच जगभर गाजलेला ‘पाँग’. शिकणाऱ्याला पहिले काम लहान द्यावे आणि ते पुरे करून घ्यावे, हा धडा तेव्हापासूनचा आहे. आपली मुले पहिल्याच दिवशी म्हणतात, “सर, आम्हाला बंदुकीचा मोठा गेम करायचा.” तसला गेम शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबून करतात. नवशिक्या मुलाने तीन रविवारांत पुरा होईल एवढाच गेम घ्यावा.

आता प्रत्यक्ष शिकवायचे कसे? पहिला दिवस संगणकाशिवाय. एका मुलाचे डोळे बांधायचे, तो झाला ‘यंत्र’. बाकीच्यांनी त्याला हुकूम देऊन विहाराच्या दारापासून खांबापर्यंत न्यायचे. “पुढे चल” एवढेच सांगितले तर तो खांबावर आदळतो. मग मुले म्हणतात, “पाच पावलं पुढे, उजवीकडे वळ, तीन पावलं पुढे.” प्रोग्राम म्हणजे एवढेच, क्रमाने दिलेले नेमके हुकूम. यंत्राला आपल्या मनातले कळत नाही. सांगू तेवढेच ते करते.

दुसऱ्या दिवशी कागद. गेम मराठीत लिहून काढायचा. झाडावरून बोरं पडतात. खाली टोपली आहे. बाणाची कळ दाबली की टोपली सरकते. बोर टोपलीत पडले तर एक गुण, जमिनीवर पडले तर एक संधी गेली. तीन संधी संपल्या की खेळ संपला. जे मूल एवढ्या पाच-सहा ओळी स्वच्छ लिहू शकते त्याचे अर्धे काम झाले.

मग संगणक. त्यासाठी ‘स्क्रॅच’ नावाचा प्रोग्राम आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला आणि 2007 साली सर्वांसाठी खुला केला. त्याला पैसे पडत नाहीत. एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही चालतो. त्यात हुकूम टाईप करावे लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे. संगणक नसेल तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्र विद्यापीठात तयार झालेला ‘पॉकेट कोड’ अँड्रॉईड मोबाईलवर चालतो, तोही फुकट.

स्क्रॅचचा पडदा 480 रुंद आणि 360 उंच असतो. शून्य बरोबर मधोमध. उजवीकडे एक्स वाढत 240 पर्यंत जातो, डावीकडे उणे 240 पर्यंत. वर वाय 180, खाली उणे 180. टोपली डावीकडे न्यायची तर एक्स उणे 10 ने बदलायचा. फळ्यावर उणे संख्या बघून ज्यांच्या पोटात गोळा येतो ती मुले इथे उणे संख्या सहज वापरतात, कारण ती वापरल्याशिवाय टोपली हलत नाही. बोर वर वाय 180 ला ठेवायचे, एक्स यंत्राला मनाने निवडू द्यायचा, आणि वाय थोडा थोडा कमी करत राहायचे. गुण साठवायला एक डबा करायचा, त्याला चल म्हणतात. बीजगणितातला चल तो हाच.

आता गंमत ऐका. मुले ठोकळे जोडतात, गेम सुरू करतात, एक बोर टोपलीत पडते आणि गुण एकदम सात-आठ वाढतात! मुले टाळ्या वाजवतात. शिकवणाऱ्याने इथे उत्तर सांगायचे नाही. विचारायचे, “एका बोराला आठ गुण कसे?” मुले डोके खाजवतात. शेवटी एखादीला सापडते की बोर टोपलीतून खाली सरकत असताना यंत्र क्षणोक्षणी विचारते, “टेकलंय का?” आणि प्रत्येक वेळी उत्तर “हो” येते. गुण दिल्याबरोबर बोर पुन्हा वर पाठवले की झाले. चूक कुठे आहे ते न रागावता, न घाबरता, कारण शोधून दुरुस्त करायचे, हे शिक्षण मला गेमपेक्षाही मोलाचे वाटते. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून बघा, असे आपण या विहारात नेहमी म्हणतो. इथे मूल ते हाताने करते.

यानंतर मी मुलांना फाशाचा गेम द्यावा असे म्हणतो, आणि त्यामागे कारण आहे. पैसे लावायचे गेम मोबाईलवर आले आणि कितीतरी घरांतले पगाराचे, उसाच्या बिलाचे पैसे त्यात गेले. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण लोभाला रोज नवे दार सापडते. आपल्या पोराला आतली कळ दिसली पाहिजे.

तर मुलांनी असा गेम करायचा. यंत्र 1 ते 6 मधला एक आकडा काढते. खेळणारा एक रुपया लावून आकडा सांगतो. बरोबर आला तर पाच रुपये हातात. ऐकायला झकास वाटते. आता यंत्राला हा डाव 600 वेळा खेळायला लावायचा. लावले 600 रुपये. आकडा सहातून एकदा, म्हणजे सुमारे 100 वेळा येणार. मिळाले 500 च्या आसपास. शंभर गेले कुठे? गेम ज्याचा आहे त्याच्या खिशात. एखाद्या डावात कोणी जिंकेलही, पण सहाशे डावांत मालकच जिंकतो.

मग पुढची पायरी. एकच ‘जर-तर’चा ठोकळा वाढवायचा. जर डाव पाचपेक्षा कमी असेल, तर खेळणाऱ्याने सांगितलेलाच आकडा काढ. पहिले चार डाव तो जिंकतो, “आपलं नशीब जोरात आहे” म्हणतो, आणि पुढे हरत बसतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने हा ठोकळा स्वतःच्या हाताने बसवला की मग तिला नशिबाच्या गोष्टी कोणी सांगून बघाव्यात! ती घरी जाऊन मामाला, दादाला विचारते, “तुमच्या गेममध्ये हा ठोकळा नाही कशावरून?” मोठ्यांच्या दहा उपदेशांनी जे होत नाही ते या एका प्रश्नाने होण्याची शक्यता आहे.

मुलाने यंत्र चालवावे, यंत्राने मुलाला चालवू नये, हा विचार सीमूर पेपर्ट यांनी मांडला. ते दक्षिण आफ्रिकेत 1928 साली जन्मले. विद्यार्थीदशेत ते तिथल्या वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत होते. पुढे अमेरिकेत 1967 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणक-भाषा तयार केली. मूल हुकूम देते आणि कासव पडद्यावर रेघ ओढत जाते. स्क्रॅच करणारे रेझनिक याच पेपर्ट यांच्या तालमीतले.

आणि हे सगळे परदेशातले आहे असे समजू नका. आपल्याच शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. एस. एस. कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून ते दुष्काळी गावात येऊन राहिले, आणि शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवू लागले. ज्या एमआयटीत स्क्रॅच तयार झाला, तिथल्या ‘फॅब लॅब’ या कार्यशाळेची संस्थेबाहेरची पहिली शाखा 2002 साली याच पाबळमध्ये निघाली. ज्या तालुक्यात हे होऊ शकते, तिथल्या न्हावऱ्याच्या पोरांना बोरांचा गेम का जमणार नाही?

पालकांच्या मनात तीन शंका असतात. पहिली इंग्रजीची. ठोकळ्यांवरचे रोज लागणारे शब्द वीस-पंचवीस आहेत. ‘इफ’ आणि ‘रिपीट’ कळायला इंग्लिश मीडियम लागत नाही. दुसरी शंका, आता यंत्राला मराठीत सांगितले तरी ते प्रोग्राम लिहून देते, मग शिकायचे कशाला? पण काय हवे ते नेमके सांगायला आणि यंत्राने दिलेले बरोबर आहे का ते तपासायला समज लागतेच. ज्याला एका बोराचे आठ गुण खटकत नाहीत, त्याला यंत्र काहीही देईल आणि तो मान डोलवील. तिसरी शंका पैशाची. 2020 च्या टाळेबंदीत पोरगं कोडिंग शिकून कोट्यवधी कमावणार अशा जाहिराती झाल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंग आणावे असे म्हटले आहे, ती गोष्ट वेगळी. यासाठी कर्ज काढू नका, हप्ते लावू नका. हे शिकायला फी लागत नाही, वेळ लागतो.

शेवटी काही सूचना करतो. एक जुना संगणक विहारात ठेवू या. रविवारी वंदनेनंतर दोन तास वर्ग. चार मुलांत एक संगणक पुरतो. एकाने हात चालवायचा, तिघांनी सांगायचे, आणि दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायची. ही पाळी कडक पाळा, नाहीतर मुलगे माऊस धरून बसतात आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. पहिली पाळी मुलीची ठेवा. वीज गेली तर कागद आहेच. कॉलेजला जाणाऱ्या, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असणाऱ्या तरुणांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. ज्याला जेवढे येते तेवढे त्याने धाकट्याला शिकवावे.

आणि पुढच्या वर्धापनदिनी इथे मुलांनी स्वतः केलेले गेम मांडावेत. आजी-आजोबांनी ते खेळावेत, आणि मुलांनी त्यांना आतले ठोकळे उघडून दाखवावेत. ज्या मुलाला “हा असा का चालतो?” या प्रश्नाचे उत्तर देता येईल, त्याला बक्षीस द्या. गुण किती झाले ते विचारू नका.