बाळंतिणीचा धीर आणि परिचर्याशास्त्र
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





आईचे दूध बाळाला उत्तम, हे तुम्हांला पटवण्याची गरज नाही. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान द्यावे, असे सांगते. मग पहिल्या आठवड्यातच घरात बाटली का येते?

परिचारिका म्हणून काम करताना याचे एक उत्तर मी वारंवार ऐकले : “सिस्टर, मला दूधच येत नाही.” पहिलटकरीण असते. दुसऱ्या रात्री मूल रडते. सासूबाई म्हणतात, “पोर उपाशी आहे.” शेजारीण डब्याचे दूध सुचवते. बाटलीने पोट भरलेले मूल अंगावर कमी ओढते आणि ओढ कमी झाली की दूधही कमी तयार होते. आठ दिवसांत त्या मुलीची भीती खरी ठरते. आधी धीर आटतो, मग दूध.

कॅनडातील परिचर्या-संशोधक सिंडी-ली डेनिस यांनी १९९९ साली नेमका हाच धागा पकडला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९७७ मधील सिद्धांताच्या आधारे त्यांनी मांडले की, ‘मला हे जमेल’ हा आईचा विश्वास स्तनपानाच्या यशात मोलाचा असतो. हा विश्वास चार वाटांनी येतो. चारही वाटा आपल्या घरातूनच जातात.

पहिली वाट स्वतःच्या अनुभवाची. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी द्या. पहिला पिवळसर चीक टाकू नका. रोगाशी लढणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. घुट्टी नको, मधही नको. वर्षाच्या आतील मुलाला मधातून घातक विषबाधा होऊ शकते. पाजताना बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे आणि तोंड मोठे उघडून स्तनाग्राभोवतीचा काळा भागही तोंडात जावा. हे एकदा नीट जमले की निम्मी भीती जाते.

दुसरी वाट पाहण्याची. जिने आपले मूल अंगावर वाढवले, अशी बहीण किंवा जाऊ तिच्याजवळ बसवा.

तिसरी वाट शब्दांची. “तुला दूध नाही” हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. त्याऐवजी खुणा पाहा. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली किंवा वजन घटत राहिले, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे न्या. काही मातांना खरोखरच दूध कमी असते. त्यांना दोष देऊ नका.

चौथी वाट शरीर-मनाच्या स्वस्थतेची. वेदना, जागरण आणि चिंता यांमुळे दूध उतरण्यास अडथळा येतो. म्हणून तिला झोप द्या, गरम जेवण द्या. इथे पुरुषांचे काम सुरू होते. मी उल्लेखिलेल्या त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे, हे बंधूंनी विसरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही परिचारिका व्हाल, डॉक्टर व्हाल किंवा नुसते मामा, मावशी व्हाल. तेव्हा बाळंतिणीच्या उशाशी बाटली ठेवण्याआधी घटकाभर तिच्याजवळ बसा आणि तिला सांगा, “तुला जमेल.”