जंतू शिकून काय होणार?

गेल्या बैठकीत आपल्या एका ताईने लेकीच्या एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या फीसाठी गटाकडे कर्ज मागितलं. "शेळीला घ्या, लग्नाला घ्या, जंतू शिकून काय होणार?" असा सूर निघाला.

अहो, दुधाला विरजण लावतो, ते जंतूंचंच काम! आणि पुण्यात काम करणाऱ्या विषाणूतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले आठवा. गरोदर असताना त्यांनी सहकाऱ्यांसोबत सहा आठवड्यांत कोरोना तपासणीचं किट बनवलं. १८ मार्च २०२० ला ते राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे सोपवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली.

हे सांगितल्यावर कर्ज मंजूर झालं. निकालानंतर हळदी-कुंकवात त्या लेकीचा सत्कार करूच. पण फी भरायच्या वेळी पाठीशी उभ्या राहूया. तुमच्याही गटात विचारा.