मेघातील विदा, चावी कोणाकडे?

संगणकाच्या ‘क्लाउड’ सेवेचे तीन स्तर मानले जातात. पहिल्यात रिकामी जागा भाड्याने मिळते, दुसऱ्यात मांडलेली चूल, तिसऱ्यात थेट वाढलेले ताट. व्यवस्थापित डेटाबेस दुसऱ्या स्तरातला. विदेच्या नियमित प्रती काढणे, दोष दुरुस्त करणे, एक यंत्र बंद पडल्यास दुसऱ्यावर भार सोपविणे, हे सारे पुरवठादार पाहतो. रात्रपाळीला तज्ज्ञ ठेवणे न परवडणाऱ्या लहान पतसंस्थेला हा मोठाच आधार. तो नाकारणे म्हणजे स्वदेशी नव्हे, हेकटपणा होय.

पण यंत्रावरचा ताबा सुटतो. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया केंद्रात ‘डायनॅमोडीबी’ या डेटाबेसची पत्ता-नोंद स्वयंचलित प्रणालीतील दोषाने पुसली गेली आणि जगभरातील सेवा कित्येक तास कोलमडल्या. त्याच केंद्रावर विसंबलेल्यांच्या हाती वाट पाहणे एवढेच उरले.

त्याहून बोचरा प्रसंग जुलै २०२५ चा. तिथे तर ताटच ओढले गेले. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा रोखल्या. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा वाटा आहे हे खरे. पण वाडीनारचा तिचा तेलशुद्धीकरण कारखाना भारताच्या भूमीवर आहे, आणि निर्बंध ना भारताचे होते, ना संयुक्त राष्ट्रांचे! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर सेवा पूर्ववत झाल्या.

‘पोस्टग्रेसक्यूएल’सारखा मुक्तस्रोत डेटाबेस निवडल्यास विदा दुसऱ्या पुरवठादाराकडे वा स्वतःच्या यंत्रावर नेता येते, एकाच कंपनीच्या रचनेत अडकल्यास बरीच आज्ञावली नव्याने लिहावी लागते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी एक प्रत बाहेर काढून ती दुसरीकडे चालवून पाहावी.