बागेसाठी चारही चाकं ओढणारी गाडी : भरवशाची कंपनी कोणती?

(प्रसारित भाषणाचा मजकूर)



निफाड तालुक्यातून एका श्रोत्याचं पत्र आलं आहे. त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. जमीन काळी, भारी. पाऊस झाला की दोन चाकं ओढणारा ट्रॅक्टर बागेत घालता येत नाही, घातला तर रुततो. ते विचारतात, "परदेशात शेतावर चार चाकांची फटफटी वापरतात, तिला एटीव्ही म्हणतात. ती घ्यावी की छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्यावा? आणि काहीही घेतलं तरी भरवशाची कंपनी कोणती, तेवढं नाव सांगा. कर्ज काढून घेणार आहे, चुकायला नको."

प्रश्न रास्त आहे. नुसतं नाव सांगून मी मोकळा होऊ शकतो, पण त्यांचं काम होणार नाही. आधी माझ्या घरचा अनुभव सांगतो.

काही वर्षांमागची गोष्ट. ऑक्टोबरची छाटणी झालेली, घड बाहेर पडलेले, आणि पाऊस सुरू झाला. आमच्याकडे छोटा फोर व्हील ट्रॅक्टर होता. ऐन फवारणीच्या सकाळी पुढच्या अ‍ॅक्सलमधून घरघर आवाज यायला लागला. मिस्त्रीनं खोलून बघितलं तर सील गेलेलं, आत चिखलपाणी शिरलेलं आणि बेअरिंग खाल्लेलं. विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, "मागवून देतो." मागवलेला माल यायला सहा दिवस लागले. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागितला, पण त्याचीही बाग तशीच उभी होती, तो आधी आपलीच फवारणार. हातपंपानं जमेल तेवढं केलं. आठवड्याच्या आत पानांवर केवड्याचे तेलकट डाग दिसले, पानं उलटून पाहिली तर खाली पांढरी बुरशी. त्या वर्षी अर्ध्या बागेचे घड गेले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण निम्मी चूक माझी होती. अ‍ॅक्सलमधलं तेल मी कधी बदललंच नव्हतं, आणि हे सील तालुक्यात कुठं मिळतं, हे ट्रॅक्टर घेताना मी कुणाला विचारलं नव्हतं.

तेव्हापासून भरवसा या शब्दाचे मी दोन भाग करतो. एक, गाडी किती वेळा बंद पडते. दुसरा, बंद पडली तर किती दिवस उभी राहते. जाहिरातीत पहिल्या भागाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं. बाग जाते ती मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या भागामुळं.

हिशेब करून बघा. दोन ओळींत नऊ फुटांचं अंतर असेल तर एका एकरात सुमारे ४,८४० फूट, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर ओळ भरते. चार एकरांची झाली सहा किलोमीटर. ब्लोअर लावलेला छोटा ट्रॅक्टर ताशी चार किलोमीटरनं गेला, तर दीड तासाचं चालणं, वर वळणं आणि टाकी भरणं. सकाळच्या उघडिपीत काम उरकतं. तीच फवारणी नळी हातात धरून करायची म्हटली तर दिवस पुरत नाही, आणि पावसाळी हवेत तो दिवस आपल्याला मिळतोच असं नाही.

आता एटीव्हीचं. अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इकडे मेंढपाळ आणि गुरं पाळणारे शेतकरी ती वापरतात. होंडानं १९७० साली तीन चाकांची काढली, पुढं १९८० नंतरच्या दशकात सुझुकीनं चार चाकांची आणली. आज होंडा, यामाहा, सुझुकी, पोलारिस, कॅन-अ‍ॅम ही त्यातली मोठी नावं. यांच्यात फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. होंडाच्या शेतीकामाच्या गाड्यांत इंजिनाची ताकद गिअरांतून चाकांकडे जाते, पट्टा नसतो. पोलारिस आणि कॅन-अ‍ॅममध्ये रबरी पट्ट्यावर चालणारी यंत्रणा असते. चालवायला ती सोपी, गिअर बदलायचं कामच नाही. पण पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरलं की तो घसरतो, आणि जड ओझं हळू ओढताना खालचा टप्पा लावला नाही तर जळतो. यामाहातही पट्टाच आहे, मात्र तिथं तेलात बुडालेला क्लच झटका आपल्यावर घेतो आणि पट्टा ताणलेला राहतो, म्हणून पट्टा पुष्कळ टिकतो. चिखलात ओझं ओढायचं असेल तर माझं मत गिअरवाल्या गाडीकडे झुकतं.

पण आपल्या श्रोत्यांना ती मी घ्यायला सांगणार नाही. कारण साधं आहे. या गाडीला ट्रॅक्टरसारखा पी.टी.ओ. नसतो, मग आपला ब्लोअर फिरणार कशावर? छोटी टाकी आणि विजेवर चालणारा पंप मागे बसवता येतो, पण त्याचा वारा मांडवातल्या दाट पानांत शिरत नाही. शिवाय ती उलटते. तिच्याखाली सापडून माणसं मेली म्हणून ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या प्रत्येक नव्या गाडीवर, उलटल्यास माणूस चिरडू नये अशी कमान बसवणं सक्तीचं झालं. होंडा, यामाहा, पोलारिस यांनी तिथं या गाड्या विकणंच थांबवलं. कंपनी जगात कितीही मोठी असली तरी आपल्या मुलखात ती राहील की नाही, हा प्रश्न वेगळाच असतो.

तर मंडळी, काम छोट्या ट्रॅक्टरचंच. त्यातही नुसतं "छोटा" म्हणून भागत नाही. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे पंधरा अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, मागची दोनच चाकं ओढणारे. एका सिलिंडरच्या इंजिनात भाग कमी, दुरुस्ती स्वस्त, आणि गावातला मिस्त्रीही ते खोलू शकतो. कोळपणीला, हलक्या फवारणीला ते बरे. पण एक सिलिंडर थरथरतो फार, त्यामुळं नट-बोल्ट ढिले होतात. दर आठवड्याला पाना घेऊन फिरायची तयारी हवी. आणि काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर दोन चाकांची ती जुनी अडचण राहतेच.

चारही चाकांच्या वर्गात कुबोटाचा निओस्टार बी २४४१ आणि बी २७४१, महिंद्राचा जिवो २४५, मित्सुबिशीच्या तंत्रावर उभी राहिलेली बंगळूरची व्ही.एस.टी., जॉन डिअरचा ३०२८ ही यंत्रं आपल्या बागांत दिसतात. कुबोटा तीन सिलिंडरचा. इंजिन शांत, थरथर कमी, आणि पुढचं चाक बंद पेटीतल्या बेव्हल गिअरांवर फिरतं, म्हणून वळण आखूड घेता येतं आणि चिखल आत शिरायला वाव कमी. किंमत मात्र चढी, आणि भागांची किंमतही त्याच मानानं. जिवो दोन सिलिंडरचा, अंगानं थोडा दणकट, आणि महिंद्राचं जाळं आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोचलेलं, ही त्याची मोठी जमेची बाजू. व्ही.एस.टी.चे ट्रॅक्टर हलके. त्या कंपनीचे पॉवर टिलर आपल्याकडे कित्येक वर्षं आहेत, त्यामुळं जुन्या मिस्त्रींना तिची सवय आहे. जॉन डिअर अठ्ठावीस अश्वशक्तीचा, मोठ्या ब्लोअरला पुरून उरतो, पण आधी आपल्या ओळींची रुंदी मोजा.

माझं मत विचाराल तर असं आहे. नुसतं यंत्र बघायचं झालं तर चिखलासाठी बेव्हल गिअरचा पुढचा अ‍ॅक्सल आणि तेलात बुडालेले ब्रेक मला जास्त भरवशाचे वाटतात. कोरड्या ब्रेकमध्ये माती शिरली की ते लवकर झिजतात. पण ज्या कंपनीचा माल तुमच्या तालुक्याच्या बाजारात फळीवर पडलेला आहे, तिचा थोडा कमी प्रतीचा ट्रॅक्टरसुद्धा मी आधी घेईन.

हे ताडून कसं बघायचं? विक्रेत्याच्या दुकानात जाण्याआधी स्पेअर पार्टच्या दुकानात जा. सहा वस्तूंची चिठ्ठी करून न्या : क्लच प्लेट, पाण्याचा पंप, पंख्याचा पट्टा, पी.टी.ओ. शाफ्टचं सील, पुढच्या अ‍ॅक्सलचं सील, हायड्रॉलिकचा फिल्टर. दुकानदारानं वस्तू गल्ल्यावर आणून ठेवली तर ती मिळते असं समजा. "मागवून देतो" म्हणाला तर "किती दिवसांत?" एवढंच विचारा आणि उत्तर चिठ्ठीवर लिहा. मग मिस्त्रीकडे जा. त्याला "चांगला कोणता" असं विचारू नका, तो गोड बोलेल. "या हंगामात तू कोणते खोललेस आणि कशासाठी," असं विचारा. त्यानंतर तीन वेगळ्या गावांत असे मालक शोधा ज्यांच्या तासमीटरवर दोन हजारांच्या पुढचा आकडा आहे. तीनशे तासांचा मालक कौतुकच करणार, त्याचं अजून काही मोडलेलं नसतं. जुन्या मालकाला विचारा, काय मोडलं, किती दिवस उभा होता, आणि विकायला काढला तर काय येईल. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारातला भाव खोटं बोलत नाही.

आणखी एक कागद बघण्यासारखा आहे. मध्य प्रदेशात बुधनी इथं १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. तिथं ट्रॅक्टरची ताकद, ओढ, ब्रेक, आवाज, थरथर यांची चाचणी होते, शेतात चालवून बघतात, आणि शेवटी यंत्र खोलून झीज मोजतात. मॉडेलवार अहवाल निघतो. विक्रेत्याकडे तो मागा, आणि पहिली पानं सोडून शेवटचे शेरे वाचा, दोष तिथं लिहिलेले असतात. एवढं मात्र ध्यानात ठेवा की चाचणी नव्या यंत्राची असते. तीन हजार तासांनंतर काय होतं, ते गावातला मालकच सांगेल.

काही जण म्हणतील, नामवंत कंपनी घेतली की झालं. एच.एम.टी. आठवा. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून झेटरच्या तंत्रानं ट्रॅक्टर निघायचे. त्यांची ओढ आणि दणकटपणा जुने शेतकरी अजून वाखाणतात. पण २०१६ मध्ये सरकारनं तो कारखाना बंद करायचं ठरवलं. यंत्र चांगलं होतं, तरी मागं कंपनी उरली नाही.

आता आपल्या हातातलं थोडं. फोर व्हीलचा दांडा डांबरी रस्त्यावर काढून ठेवा. कडक रस्त्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी ओढाताण करतात, त्यात टायर आणि पुढचे गिअर दोन्ही झिजतात. पुढचे टायर बदलताना मापात फरक करू नका, "थोडा मोठा बसतो" म्हणून दुसरं माप घातलं की तीच ओढाताण शेतातही सुरू होते. पुढच्या अ‍ॅक्सलचं तेल पुस्तकात दिलेल्या तासांना बदला. नळी उघडल्यावर दुधासारखं पांढरट तेल आलं तर आत पाणी गेलेलं आहे, त्याच दिवशी सील बघा. मी हे बघितलं असतं तर सहा दिवस बसावं लागलं नसतं.

फवारणीचा ट्रॅक्टर आणखी एका कारणानं मरतो. गंधक, मोरचूद, बोर्डो यांचा थर रेडिएटरच्या जाळीवर बसतो, त्यात पानं अडकतात आणि इंजिन तापतं. फवारणी झाली की त्याच संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, साध्या पाण्यानं जाळी धुवा. जोराचा फवारा मारू नका, पत्रे वाकतात. कोरड्या एअर फिल्टरला पाणी लावायचं नाही, आतून बाहेर हलकी हवा मारायची. तेलाचा फिल्टर असेल तर धुळीच्या दिवसांत त्यातलं तेल रोज बघायचं. आणि घेतानाच विचारा, क्लच दाबल्यावर पी.टी.ओ. बंद पडतो का? एकेरी क्लच असेल तर दर वळणावर ब्लोअर थांबतो. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पी.टी.ओ. असला तर वारा चालू राहतो.

निफाडच्या बंधूंना माझं सांगणं, खरेदी उन्हाळ्यात, खरड छाटणीच्या आसपास करा. म्हणजे पहिले पन्नास तास आणि पहिली सर्व्हिस ऑक्टोबरच्या आधी उरकेल आणि जे ढिलं निघायचं ते तेव्हाच निघेल. बंद पडल्यास माणूस किती तासांत येईल, हे विक्रेत्याकडून बिलाबरोबर लेखी घ्या. हमी वर्षांत आहे की तासांत आणि त्यातलं आधी काय संपतं, तेही वाचा. आणि ट्रॅक्टर घरी येईल त्याच दिवशी पुढच्या अ‍ॅक्सलच्या सीलचा एक जोड, पंख्याचा एक पट्टा आणि डिझेलचे दोन फिल्टर विकत घेऊन घरात, कोरड्या जागी ठेवून द्या.