कोच मोठा की पिढी?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलंय, "दहा मिनिटं काहीही बोल, फक्त कॉम्प्युटरवर बोलू नकोस." म्हणून मी फुटबॉलवर बोलणार आहे. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त एक पथ्य पाळते. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल ही नावं आता शेवटपर्यंत घेणार नाही. नाहीतर अर्धा हॉल उभा राहील आणि जेवणाला उशीर होईल. आज बोलूया देशांच्या संघांबद्दल.

दर वर्ल्डकपला आपल्या ग्रुपवर तोच वाद होतो. संघ जिंकला की पोरं भारी, हरला की कोच बेकार. मग खरं श्रेय कुणाचं? कोचचं की त्याच्या वाट्याला आलेल्या पिढीचं? आम्ही सॉफ्टवेअरवाले दोष शोधताना एक नियम पाळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. तोच नियम इथे लावून बघू.

आधी पिढी तीच ठेवून कोच बदलूया. स्पेन घ्या. २००६च्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्सने त्यांना ३-१ असं हरवून घरी पाठवलं. कोच होते लुईस आरागोनेस. पुढे त्यांनी राऊलसारख्या मोठ्या नावाला संघाबाहेर ठेवलं आणि मधली फळी झावी, इनिएस्ता, सिल्व्हा अशा लहान चणीच्या पोरांच्या हाती दिली. अंगाने आपण कमी पडतो ना, मग समोरच्याला चेंडूच द्यायचा नाही, इतका साधा हिशेब. २००८मध्ये जर्मनीला १-० हरवून स्पेन युरोपचा विजेता झाला.

त्यानंतर आले व्हिसेंते देल बोस्के. नव्या साहेबाला पहिल्या दिवशी ऑफिसातली टेबलं हलवायची हौस असते, हे आपण सगळेच बघतो. देल बोस्केंनी ते केलं नाही. घडी तशीच ठेवली, फक्त बचावाच्या पुढे बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो असे दोघे राखणदार उभे केले. २०१०च्या वर्ल्डकपचा पहिलाच सामना स्वित्झर्लंडने १-० जिंकला. टीका झाली, पण ही जोडी त्यांनी मोडली नाही. पुढे बाद फेरीतले चारही सामने स्पेनने १-० असेच जिंकले आणि कप नेला. २०१२च्या युरो फायनलमध्ये तर नेहमीच्या स्ट्रायकरशिवाय सुरुवात करून इटलीला ४-० हरवलं. एकाने घर बांधलं, दुसऱ्याने ते न पाडता वर मजला चढवला. दोघेही मोठे.

आता उलटं करू. कोच तोच ठेवू आणि काळ बदलू. जर्मनीचे योआखिम ल्योव. २०१४मध्ये त्यांच्या संघाने ब्राझीलला ब्राझीलमध्येच ७-१ हरवलं आणि वर्ल्डकप जिंकला. चार वर्षांनी तेच ल्योव, पण मेक्सिकोकडून हार, दक्षिण कोरियाकडून ०-२ हार आणि गटात शेवटचा नंबर. देल बोस्केंचंही तेच झालं. २०१४मध्ये नेदरलँड्सने त्यांच्या विश्वविजेत्यांना ५-१ धुतलं आणि स्पेन गटातच बाहेर. चार वर्षांत माणसाची अक्कल जात नाही. पण झावी चौतीस वर्षांचा होतो.

म्हणजे पिढीच मोठी म्हणायची का? थांबा. पिढी येते कुठून, हा प्रश्न राहिलाच.

जर्मनी २०००च्या युरोत तीन सामन्यांत एक गोल करून गटात तळाला राहिला होता. तेव्हा त्यांनी फक्त कोच बदलून विषय संपवला नाही. व्यावसायिक क्लबांना मुलांसाठी अकादमी सक्तीची केली, देशभर गावोगावच्या मुलांसाठी प्रशिक्षण केंद्रं काढली. २००९मध्ये त्यांच्या २१ वर्षांखालच्या संघाने इंग्लंडला ४-० हरवून युरोपचं विजेतेपद मिळवलं. त्या संघातले नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, ओझिल, खेदिरा आणि हुवेडेस असे सहा जण पुढे २०१४च्या विश्वविजेत्या चमूत होते. ल्योव यांचं नाव सगळ्यांना पाठ आहे. त्या २१ वर्षांखालच्या संघाचा कोच कोण? हॉर्स्ट ह्रुबेश. इथे किती जणांना माहीत होतं? हात वर करा. बघा, एकही नाही.

आता आपल्याकडे येऊ. सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशाने शिक्षक. 'मैदान' सिनेमा आल्यावर नव्या पोरांनाही नाव कळलं. १९५० ते १९६३ या काळात भारतीय संघ त्यांच्या हाती होता. १९५१ला दिल्लीत इराणला १-० हरवून आशियाई सुवर्ण मिळालं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं चिरडलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या हारेनंतर बूट सक्तीचे झाले.

रहीमसाहेबांना घरी बसवलं नाही, हे इथलं महत्त्वाचं. त्यांनी मुळापासून सुरुवात केली. एका स्पर्शात पास द्यायचा, ड्रिब्लिंग करायचं नाही, अशा अटींच्या स्पर्धा घेतल्या. ज्या पायाने जमत नाही त्याच पायाने खेळायचं, अशाही घेतल्या. डावपेच वरून सांगून होत नाहीत, आधी ते पायात उतरावे लागतात, हे त्यांना शिक्षक म्हणून ठाऊक असणार. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. तीन गोल आपल्या मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला गोल आपला, पुन्हा नेव्हिलचाच. शेवटी ४-१ हरलो. पण कोच तोच, प्रतिस्पर्धी तोच आणि चार वर्षांत १०-१ चा ४-१ झाला. भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. माझ्या दृष्टीने ही भारतीय फुटबॉलमधली सगळ्यात बोलकी आकडेवारी आहे.

१९६२, जाकार्ता. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम हे त्रिकूट, मधल्या फळीत मूळचा गोव्याचा फोर्चुनातो फ्रँको. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. मग बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला पुन्हा बचावात ठेवलं नाही. उचलून आघाडीला नेलं! फायनलमध्ये पुन्हा कोरिया, स्टेडियममधले प्रेक्षक आपल्या विरोधात. २-१ जिंकलो. एक गोल पी. के.चा, दुसरा त्या टाके पडलेल्या जर्नेलचा. रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

त्यांनी घडवलेल्या पोरांवर आपण आणखी काही वर्षं काढली. १९६४च्या आशिया चषकात उपविजेते, १९७०च्या आशियाई स्पर्धेत कांस्य. मग साठवण संपली. एका माणसाने पिढी घडवली, पण पिढी घडवायची पद्धत मागे राहिली नाही. पुढे कोच बरेच आले. स्टीफन कॉन्स्टंटाइनच्या संघाने २०१९च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ हरवलं, तेव्हा गोलसाठी आपण चौतीस वर्षांच्या सुनील छेत्रीकडे बघत होतो. २०२४ला इगोर स्टिमॅचच्या वेळी तिन्ही सामने हरलो, एकही गोल झाला नाही आणि आपण बघत होतो एकोणचाळीस वर्षांच्या छेत्रीकडेच. स्टिमॅच गेले. पण छेत्रीच्या मागे रांग का नव्हती, याचं उत्तर एकट्या त्यांच्याकडे नव्हतं.

म्हणून माझं उत्तर असं. देशाचा कोच हा वाढपी आहे. चांगला वाढपी पंगत सांभाळतो, वाईट वाढपी ताटं सांडतो. पण स्वयंपाक आधी झालेला असतो, कुठल्यातरी गल्लीत, कुठल्यातरी शाळेच्या मैदानावर. अनिकेत जाधव २०१७ला १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारताकडून खेळला, तो आपल्या कोल्हापूरचाच. असं एक पोरगं तिथवर पोचतं तेव्हा मागे कितीतरी अनोळखी ह्रुबेश उभे असतात.

आज पहिल्या रांगेत बसलेले आमचे सर आणि बाई हे असे ह्रुबेश आहेत. आमच्यातल्या डॉक्टरांचे, वकिलांचे, कारखानदारांचे सत्कार होतात. त्यांच्या अपूर्णांकाची बेरीज कुणी पक्की करून घेतली, हे कोणी विचारत नाही. सर, आज आम्ही विचारतोय आणि सांगतोयही.

आता मुद्द्याचं. आपण शाळेसाठी निधी जमवलाय आणि त्यातून प्रवेशद्वाराची कमान बांधायचं ठरतंय, त्यावर आपल्या तुकडीचं नाव. माझा कमानीला विरोध नाही. पण आमच्या वेळी पी.टी.च्या तासाला मुलांना फुटबॉल मिळायचा आणि आम्हा मुलींना लेझीम. फुटबॉल आम्ही कंपाउंडच्या कट्ट्यावर बसून बघितला. गेल्या महिन्यात मी शाळेत जाऊन आले. कट्टा तसाच आहे, त्यावर बसलेल्या मुलीही तशाच आहेत. इकडे भारताच्या मुलींनी २०२५च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बसफोरचे.

माझी विनंती एवढीच. कमान थोडी लहान बांधू. उरलेल्या पैशातून मुलींच्या संघासाठी एक प्रशिक्षक नेमू, शक्यतो बाईच, आणि पाच वर्षांचं मानधन आजच शाळेकडे जमा करू. एक वर्षाचं नको. युगोस्लाव्हियाविरुद्धचा तो फरक दिसायलासुद्धा चार वर्षं लागली होती. पहिल्या वर्षी आपल्या मुली १०-१ हरतील. त्या दिवशी ग्रुपवर कोणी "कोच बदला" लिहिलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

जेवणानंतर याच हॉलमध्ये निधीची बैठक आहे. श्रीखंड खाऊन झोपू नका, मतदानाला थांबा. सर, बाई, तुम्हीही थांबा. या विषयात आमच्यापेक्षा तुमचा शब्द मोठा.