झिलईचा कच्चा माल आणि त्याची पारख

(कुंभारकाम प्रशिक्षण वर्गातील भाषण)



बरणीवरील झिलई म्हणजे वस्तुतः काचेचा पातळ थर होय. गारगोटीच्या पुडीपासून काच होते, फेल्स्पार व चुनखडी तिला वितळवितात आणि चिनी मातीतील ॲल्युमिना तिला ओघळू देत नाही. वहीतील सूत्र कायम राहते. पोत्यातील माल मात्र तसाच राहील अशी खात्री नसते.

राजस्थानातून येणाऱ्या फेल्स्पारचेच पाहा. खाणीतील एक पट्टा संपून दुसरा लागला की पोटॅश व सोडा यांचे प्रमाण बदलते. सोडा वाढल्यास झिलई लवकर वितळते, अधिक प्रवाही होते आणि भांडे भट्टीतील फळीला चिकटते. अल्कली एकंदरीत वाढली तर निवताना झिलईवर केसासारख्या भेगा पडतात. भांड्याचे अंग कच्चे असल्यास लोणच्याचा खार त्यांतून झिरपतो. एका भट्टीत कारागिराची कित्येक दिवसांची मेहनत, इंधन आणि कर्जाचा हप्ता गुंतलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

कधी दोष खाणीचा नसून केवळ ओलाव्याचा असतो. पावसाळ्यात चिनी मातीत १० टक्के पाणी असेल, तर २५ किलो मातीत प्रत्यक्ष माती साडेबावीस किलोच भरते. वजनापूर्वी नमुना वाळवून पाहण्यास कितीसा खर्च येतो? चुनखडीऐवजी भाजलेला ताजा चुना घेतल्यास असाच घोटाळा होतो, कारण शुद्ध चुनखडी भाजताना शेकडा ४४ भाग वजन गमावते.

तेव्हा नवा माल आल्यावर जुना संपण्यापूर्वीच परीक्षा करावी. दोन्ही फेल्स्पारचे लहान शंकू करून एकाच फरशीवर, एकाच भट्टीत भाजावेत. वितळण्यातील फरक आणि लोहामुळे येणारी पिवळट झाक लगेच दिसते. मग झिलईत जुना व नवा माल ७५:२५, ५०:५०, २५:७५ असा मिसळून आणि शेवटी निव्वळ नवा घेऊन चकत्या भाजाव्यात. बिघाड कोठून सुरू होतो हे त्यांवरून समजते. प्रत्येक पोत्यावर तारीख व खेप लिहावी आणि मूठभर जुना नमुना बाटलीत जपावा.

माल पुरता पालटला की झिलई लवकर वितळावी म्हणून शेंदूर घालण्याचा मोह होतो. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. अशा झिलईतील शिसे आंबट पदार्थात उतरू शकते. खाण्याच्या भांड्यास ती लावू नये.

येथे उपस्थित अधिकाऱ्यांना व पंचायत सदस्यांना एक विनंती. सर्वांत कमी दराची निविदा हा झिलईच्या मालासाठी पुरेसा निकष नाही. प्रत्येक खेपेसोबत रासायनिक पृथक्करणाचा दाखला मागावा आणि शक्य तर वर्षभराचा माल एकाच खेपेतून घ्यावा. अमेरिकेतील ऑल्बनीची माती एकटीच वितळून तपकिरी झिलई देत असे. १९८०च्या दशकात तिचे उत्खनन थांबले, तेव्हा तेथील कुंभारांना तिच्या पृथक्करणावरूनच पर्यायी मिश्रणे जुळवावी लागली.

आता शेजारच्या दालनात मांडलेल्या चकत्या आपण क्रमाने पाहू.